हौदाचं सुतक

आमच्या गावच्या बोअरचं पाणी इतकं खारं, की त्यात तुरीची डाळ शिजत नाही. सकाळी चुलीवर ठेवा, दुपारी झाकण काढा, दाणा तसाच डोळे वटारून बघत असतो. लग्न होऊन उमरी तालुक्यातल्या या गावात आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटलं, या लोकांची डाळच भिकार आहे. माझं माहेर लातूरकडचं. तिकडं पाण्याचे हाल होतेच, पण जे थोडं मिळायचं ते निदान गोड होतं. इथं पाणी तोंडात घेतलं की जिभेवर खडू फिरवल्यासारखं वाटायचं.

गोड पाणी फक्त आभाळातून यायचं, आणि ते धरून ठेवायचं वेड आमच्या घरात माझ्या सासऱ्यांना होतं. सासऱ्यांना आमच्याकडं मामा म्हणतात. उंच, काटक, बोलायला तिखट माणूस. हे वेड त्यांना कधी लागलं ते मला नक्की ठाऊक आहे, कारण त्या दिवशी मी तिथंच होते.

माझ्या लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील. भर उन्हाळ्यात सासूबाई घरात वारल्या. आमच्याकडं घरात मयत झालं की शिजलेलं अन्न टाकून देतात आणि घरात भरून ठेवलेलं पाणी ओतून देतात. नदीला, विहिरीला काही होत नाही. भरून ठेवलेल्या पाण्याला विटाळ होतो, असं मानतात. भावकीत एक चुलत सासूबाई आहेत. सगळे त्यांना मोठ्या मामी म्हणतात, आणि सोवळं-सुतक यातला त्यांचा शब्द म्हणजे अख्ख्या भावकीला शेवटचा. त्या पदर खोचून आल्या आणि एकेक भांडं पालथं करत गेल्या. रांजण, घागरी, न्हाणीतला ड्रम. मी दोन दिवस डोक्यावरून आणून भरलेलं पाणी गल्लीतून वाहत गेलं आणि वाटेतच जिरलं. मग माणसं यायला लागली. लांबून, उन्हातून आलेली माणसं, आणि घरात त्यांना द्यायला तांब्याभर पाणी नाही. मामा ओसरीवर बसले होते. बायको गेल्याचं दुःख होतंच, पण ते बघत होते गल्लीतल्या त्या ओल्या पट्ट्याकडं.

वर्ष उलटायच्या आत त्यांनी अंगणात खोदायला घेतलं. मुरूम लागला, मग खडक लागला, तरी म्हातारा हटेना. माझे मालक आणि ते, दोघांनी मिळून चांगला दोन पुरुष खोल खड्डा केला. उमरीहून गवंडी आणून आतून दगड-सिमेंटनं बांधून घेतला, वर स्लॅब टाकला, मधे माणूस उतरेल एवढं लोखंडी झाकण. घराच्या पत्र्यांना पन्हाळी लावल्या, गोठ्याच्या पत्र्यांनाही लावल्या, आणि सगळ्यांचं पाणी एका पाइपातून वाळू-कोळशाच्या टाकीत आणि तिथून हौदात. गाव हसलं. गावात बोअर असताना हा म्हातारा पावसाचे थेंब वेचतोय म्हणाले. पुढं त्यांच्याच बायका पाहुणे आले की तपेली घेऊन आमच्या दारात, "जरासंक डाळीपुरतं द्या."

मामांची शिस्त कडक. पहिल्या दोन पावसांचं पाणी हौदात सोडायचं नाही, त्यानं पत्रे धुऊन निघतात. ते भर पावसात पोतं पांघरून पाइपाशी उभे राहायचे आणि पाणी नितळ झालं असं वाटलं की मगच पाइपाचं तोंड हौदाकडं फिरवायचे. झाकणाला कुलूप. किल्ली कमरेच्या करदोड्याला. हे पाणी प्यायला, डाळीला आणि शेतात फवारणीला. खाऱ्या पाण्यात औषध फाटतं, म्हणून फवारणीचे ड्रम इथूनच भरायचे. भांड्याला, धुण्याला थेंब नाही. मी एकदा डोकं धुवायला बादलीभर घेतलं तर त्यांनी तीन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. मीही कमी नव्हते. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, धनावर नाग बसतो ते ऐकलं होतं, पाण्यावर बसलेला इथंच बघितला. ते मिशीत हसायचे आणि किल्ली चाचपायचे.

एक मात्र होतं. ग्रहण लागायचं तेव्हा घरातल्या पाण्यात तुळशीचं पान टाकतात, तसं मामा हौदातही टाकायचे. त्यांच्या लेखी हौद म्हणजे मोठा रांजणच होता.

ज्या उन्हाळ्याचं सांगतेय, त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. बहीण फोनवर सांगायची, आगगाडी बघायला नव्हे, पाणी बघायला लोक स्टेशनवर जातायत. आमच्या गावात होळीलाच बोअरनं मान टाकली. टँकर यायचा, पण कधी ते त्यालाच ठाऊक. यायचा तेव्हा विहिरीत रिकामा करायचा आणि तिथं बायकांची अशी झोंबाझोंबी, की पाणी वर येईपर्यंत त्याचा गाळ झालेला. आदल्या पावसाळ्यात मोजून चार पाऊस झाले होते. त्यातलं मामांनी धरलं तेवढं हौदात होतं. ते रोज वेळू बुडवून ओल कुठवर आली बघायचे आणि म्हणायचे, "मिरगापर्यंत पुरंल. हात आखडून घ्या." आमच्या घरची माणसं, एक गाय, तिचं वासरू, सगळ्यांचा जीव त्या झाकणाखाली होता.

आणि त्याच उन्हाळ्यात मामा पडले. पोटात काही तरी वाढलं होतं. नांदेडच्या दवाखान्यात दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी मालकांना बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या, सेवा करा. याचा अर्थ काय ते न कळायला आम्ही लहान नव्हतो. मामाही नव्हते.

घरी आणून ओसरीत बाज टाकली. दोन-तीन दिवस शांत पडून होते. मग एका सकाळी मी पाणी पाजायला गेले तर त्यांनी तोंड फिरवलं.

"मला भाईर न्या," म्हणाले.

"भाईर कुठं? अंगणात ऊन हाय, मामा."

"अंगणात न्हाई. घराच्या भाईर. म्या हितं गेलो तर हौद वतावा लागंल."

मी हसण्यावारी न्यायला बघितलं. म्हणाले, एवढ्यात कुठं निघालाव, अजून पत्रे कोण धुणार? पण ते हसले नाहीत. त्यांनी किल्ली करदोड्यातून सोडून माझ्या हातात दिली. सगळा जन्म ती किल्ली हिसकावून घ्यावी असं मला वाटायचं. आता ती हातात होती आणि मला ती नको होती.

"कोण वतंल?" मी म्हणाले. "मी वतू देणार न्हाई. कोण येतं ते बघते."

"तू न्हाई वतणार. भावकी वतंल. पुन्यांदा त्येच बगायचं का? वैशाख हाय. तुमी काय पिणार? वासरू काय पील?"

आणि त्यांनी पाणी बंद केलं. घरातून बाहेर नेत नाही तोवर घोट घेणार नाही. ओठ सोलून निघाले, तरी चमचा लावला की दात घट्ट. आपल्या हातांनी भरलेल्या पाण्याच्या डोक्यावर तहानलेला पडलेला तो माणूस. मी रडले, ओरडले, त्यांच्या बाजेशी डोकं आपटून घेतलं. म्हाताऱ्याचा हट्ट म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

त्या रात्री मालक आणि मी भांडलो. मी म्हणाले, हौद जमिनीत आहे, म्हणजे विहीरच झाली, विहिरीला कुठं विटाळ असतो? ते म्हणाले, विहिरीला झरा असतो, हौदाला नसतो, आपण भरतो तो. बोलणं दोघांचंही खरं होतं. हौद झाल्यापासून आमच्या घरात मयत झालंच नव्हतं, आणि गावात दुसरा असा हौद नव्हता. मग विचारायचं कुणाला? विचारण्यासारखं माणूस एकच, मोठ्या मामी. त्या तेव्हा देगलूरला लेकीकडं गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी फोन लावला. माझ्या दुर्दैवानं दिवे लागायची वेळ होती. कसे हायत, म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हणाले, हायत. मग लेकीचं, नातवाचं, देगलूरच्या उन्हाचं झालं. शेवटी धीर करून मी म्हणाले, "मोठ्या मामी, एक इचारायचं व्हतं. मामांचं जर का काई..."

"थू थू! दिवं लागायच्या टायमाला काय तोंड उघडायलीस! जित्त्या माणसाचं आसलं बोलत्यात व्हय?"

पुढं मला बोलूच दिलं नाही. म्हणाल्या, देवाला दिवा लाव, बरं व्हतंय समदं, म्या येतेच. फोन ठेवला.

दुसऱ्या कुणाला विचारलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं, की सासरा अजून श्वास घेतोय आणि सून त्याच्या मागच्या पाण्याचा विचार करतेय. आमच्याकडं माणूस मरायला टेकलेला असतो, सगळ्यांना दिसत असतं, सरपण कुणाकडं आहे ते गडी मनातल्या मनात बघून ठेवतात, पण तोंडानं बोलायचं नाही. बोललं की आपणच बोलावून आणलं असं होतं. मला तेव्हा या रीतीचा जेवढा संताप आला तेवढा आयुष्यात कशाचा आला नसेल. पण मीही त्याच मातीतली. फोन परत लावला नाही.

बाहेर न्यायचं ठरलं. मी म्हणाले, गोठ्यात ठेवू, समोरच आहे, सावली आहे. मामांनी मान हलवली. गोठ्याच्या पत्र्याचं पाणीही हौदातच येतं. म्हणजे तोही नको. जीव जायला टेकलेल्या माणसाचं डोकं पन्हाळीपन्हाळीतून फिरत होतं. शेवटी शेतातला आखाडा ठरला. आखाडा म्हणजे शेतात अवजारं ठेवायला, राखणीला बसायला केलेलं खोपट. वर पाचट, तीन बाजूंनी तुराट्यांचा कूड. बाजेसकट त्यांना टेम्पोत घातलं. घराच्या उंबऱ्यातून बाहेर पडताना त्यांनी चौकटीला हात लावला, आणि टेम्पोत बसल्यावर माझ्याकडं बघून म्हणाले, "आण आता पाणी." पेलाभर प्यायले. घटाघटा, लहान लेकरासारखे.

पुढचे दिवस मी मोजले नाहीत. सकाळी हौदातून कळशी काढायची, डोक्यावर घेऊन शेतात जायचं. वाटेत लोक बघायचे. पाराजवळ बसलेल्या एकानं मला ऐकू येईल असं म्हटलं, "जित्ता बाप रानात नेऊन टाकला." मालकांनी ते ऐकलं आणि मान खाली घालून चालत राहिले. मी थांबले. म्हणाले, तुमच्या घरी डाळ शिजली ना आमच्या पाण्यावर? मग गप गिळा. त्यानं काही फरक पडला नाही, पण न बोलता जगणं मला जमत नाही.

आखाड्यात दुपारी भट्टी व्हायची. पाचटातून ऊन नव्हे, आगच गळायची. वारा यायचा तोही तव्यावरून आल्यासारखा. मी धडपा ओला करून त्यांच्या छातीवर टाकायचे. ते विचारायचे, कुठलं पाणी? मी म्हणायचे, टँकरचं. मग ठेवू द्यायचे. टँकर त्या आठवड्यात आलाच नव्हता. पिण्याचं पाणीही दोन घोटांवर हातानं थांबवायचे. "पुरं. मिरगाला लांब हाय." मी दात-ओठ खाऊन म्हणायचे, प्या हो, मरेपर्यंत तरी प्या. आणि असं बोलले म्हणून लगेच आपल्याच तोंडावर चापट मारून घ्यायचे. त्यांचा जीव जाईना. घरच्या सावलीत तो सुखानं गेला असता. इथं तो भाजून निघत होता आणि तरी जात नव्हता. मी आयुष्यात देवाकडं जे कधी मागितलं नव्हतं ते तिथं मागत होते, की ने रे बाबा यांना. आणि मागता मागता त्यांचे पाय चोळत होते.

शेवटच्या सकाळी त्यांचे डोळे वेगळे दिसले. बराच वेळ पाचटाकडं बघत राहिले. मग माझं मनगट धरलं.

"घरी चला," म्हणाले. "ऊन लई हाय."

मी मालकांकडं बघितलं.

"नेऊ या," मी म्हणाले.

"शुद्धीत न्हाईत त्ये," मालक म्हणाले. "शुद्धीत व्हते तवा मला शपथ घातलीय."

"आता काय म्हणायलेत ते ऐकू येत न्हाई का तुमाला?"

"आन् घरी नेलं, आन् गेले, आन् हौद वतला तर? मग कशापायी आणलं हितं? एवढं हाल कशापायी केलं त्यांचं?"

 आम्ही दोघं त्या बाजेच्या दोन बाजूंना उभे राहून त्यांच्या अंगावरून भांडत होतो, आणि ते मधेच पडून पुन्हा म्हणत होते, "घरी चला की." लेकरू बाजारात कंटाळून आईचा पदर ओढतं तसं. शेवटी मी म्हणाले, वतू दे हौद. वतू दे सगळा. मी टँकरच्या मागं पळीन, पण यांना घरी नेणार. आणि टेम्पो आणायला अनवाणी गावाकडं निघाले. पायाखाली ढेकळं तापली होती. टेम्पोवाला जेवत होता. त्याला ताटावरून उठवलं.

परत आले तेव्हा मालक बाजेशी खाली बसले होते. त्यांनी नुसतं वर बघितलं. मामा गेले होते.

मोठ्या मामी दुपारी पोचल्या. मरणाची खबर लेकीच्या घरी फोनवर कळली तेव्हा त्या देगलूरहून निघून वाटेतच होत्या. एसटीतून उतरून आमच्या घरी गेल्या, तर घराला कडी. कुणी तरी सांगितलं, आखाड्यावर आहेत. एवढं वय, काठी टेकत शेतापर्यंत आल्या. तोवर भावकी जमली होती. त्यांनी मामांच्या तोंडावरून हात फिरवला, गळा काढून रडल्या. मग डोळे पुसले आणि इकडंतिकडं बघत म्हणाल्या, "ह्ये हितं कामून? घरी कामून न्हाई?"

 मग मालकांनी सांगितलं. हौदाचं, ओतायचं, मामांच्या शपथेचं. 

मोठ्या मामी काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता म्हणतील, शहाणपणाचं केलं.

"आरं येड्यांनो," त्या म्हणाल्या. "जिमिनीतल्या पाण्याला सुतक आसतं व्हय? भुईच्या पोटातलं त्ये. रांजण येगळा, घागर येगळी. हौदाला कोण हात लावणार व्हतं? म्हाताऱ्याला आपल्या घरात मरू द्यायचं की रे."

 मालक उठून बांधाकडं गेले आणि तिथं पाठमोरे उभे राहिले.  एवढ्या माणसांत, भावकीसमोर, प्रेताच्या उशाशी मी मोठ्या मामींवर ओरडले. "मी फोन केला व्हता! मी तेच इचारत व्हते! तुमीच बोलू दिलं न्हाई!"

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. रागावल्या नाहीत. त्यांना तो फोन आठवला असावा, कारण काठी टेकत त्या खाली मातीतच बसल्या.

"मला काय ठावं, पोरी," त्या म्हणाल्या. "मला वाटलं तू त्याचं मरण इचारायलीस."

शेतात मयत झालेलं माणूस गावात परत नेत नाहीत. हे मात्र सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं, त्यासाठी कुणाला विचारावं लागलं नाही. मोठ्या मामींनी माणसं पाठवून हौदातून पाणी आणवलं. म्हणाल्या, हात आखडू नका, घागरीच्या घागरी आणा. पुरुषांनी मामांना तिथंच बांधावर अंघोळ घातली. खाली काळी माती भिजून चिखल झाला. तिथूनच त्यांना नेलं.

आम्ही बायका संध्याकाळी घरी आलो. ओसरीवरची बाजेची जागा रिकामी होती. रडून रडून आणि उन्हानं जिभा टाळूला चिकटल्या होत्या. मोठ्या मामी उंबऱ्यातच बसल्या आणि पाणी मागितलं. मी कुलूप काढलं, झाकण उचललं, पोहरा सोडला. खाली पाणी होतं, गार, नितळ. पहिला पेला त्यांना दिला. मग मी प्याले. एक प्याले, दुसरा प्याले. तहान एवढी होती, की थांबता आलं नाही.